वाटी असलेली, वाटी नसलेली

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
माझ्या टेबलावर दोन डबे असतात.
एकात यू असलेली लेबलं,
दुसऱ्यात यू नसलेली.
गडद रंग वेगळे धुवा,
एवढंच लिहिलंय म्हणे दोन्हींवर.
मला इंग्रजी वाचता येत नाही, पण यू ओळखू येतो:
कुणी काही वाढेल म्हणून
पानात तशीच ठेवलेली वाटी.

अमेरिकेच्या खोक्यात वाटी जायची नाही.
लंडन, सिडनी, डर्बनच्या खोक्यात
वाटीशिवाय जायचं नाही.
एकदा मी चुकले.
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात
बाराशे टॉवेलांची लेबलं उसवली आम्ही,
मी, शिवलिंगव्वा आणि बिल्किस,
ब्लेडनं, एकेक टाका.
एका अक्षरापायी एवढं?
बिल्किसनं विचारलं.
तिकडं चालत नाही, हत्तुरे सुपरवायझर म्हणाला.
तिकडं म्हणजे कुठं,
ते त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हणून मी ऑफिसातल्या वीरेशला विचारलं,
या सगळ्या गावांत घरातसुद्धा इंग्रजीच का रे?
भात करपला तर? पोर पडलं तर?
तो पेन चावत म्हणाला, सगळीकडं नाही.
लागोसला ऑफिसात इंग्रजी, घरोघरी वेगळंच काही.
डर्बनच्या कितीतरी घरांत झुलू.
डब्लिनला उलटं झालंय,
त्यांची जुनी भाषा रस्त्याच्या पाट्यांवर
आणि इंग्रजी तोंडात.
शिवलिंगव्वा दोरा तोडत म्हणाली,
पाटीला कधी भूक लागलीय होय?

आमचं सांगायचं तर
मी मोजते तेलुगूत, ओकटि, रेंडु, मूडु.
शिवलिंगव्वा सिद्धेश्वराशी कन्नडमध्ये भांडते,
बिल्किस दखनीत चिडते,
आणि एकमेकींची कात्री आम्ही मराठीत मागतो.
इंग्रजी कुणीच बोलत नाही.
ती येते.
पाकिटात बसून, खिडकीतून नाव दाखवत,
विडी घरकुलात, दुपारी,
घरात कुणी नसताना.

मार्चमध्ये आली ती फंडाच्या ऑफिसातून.
वीरेशनं उभ्यानं वाचली, मग बसून वाचली.
कारखान्याच्या कागदावर माझं येमुल वायनं सुरू होतं,
आधारवर ईनं.
म्हणजे दोन बायका.
एकीनं सव्वीस वर्षं लेबलं शिवली,
दुसरीला अंगठा आहे, फोटो आहे, पत्ता आहे,
आणि फंड कुणाचा ते ठरेपर्यंत
दोघींनी थांबायचं.

मी म्हटलं, वीरेश,
रंग दोन तऱ्हेनं लिहितात, दोन्ही बरोबर ना?
बरोबर.
कुणी कुणाला खोटं म्हणत नाही?
नाही.
मग माझंच काय?
मावशी, तो म्हणाला,
त्यांच्यामागं एकेक देश आहे.
म्हणाला आणि ओशाळला.
जाऊन चहा घेऊन आला, बिनसाखरेचा,
माझी साखर त्याच्या लक्षात होती.

कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसतो,
त्यानं इंग्रजीत लिहून दिलं
की ती आणि मी एकच.
मी खाली सही केली तेलुगूत,
तिसरीपर्यंत शिकले तेवढी गोल अक्षरं,
नरसम्मा.
आतल्या साहेबानं कागद जवळ धरला, लांब धरला.
ही कुठली भाषा?
इथलीच, म्हटलं.
त्यानं शिक्का मारला.
पुढचं अजून काही कळलेलं नाही.

काल पाळी सुटताना
घड्या घातलेल्या टॉवेलवर सहज हात फिरवला
आणि पहिल्यांदाच नीट बघितलं.
काय बघलालीस? शिवलिंगव्वानं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
टॉवेलचा एकेक फास म्हणजे वाटीच की,
अंगठ्याखाली हजारो,
आणि खोकं अमेरिकेचं.
हत्तुरेला मी बोलले नाही.
उसवायला बसवायचा.